कामठी, सायंकाळी 5.42

मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक चौकट येते: घटनाक्रम. किती वाजता सिग्नल पडला, किती वाजता फोन वाजला, कोणी उचलला नाही. ती चौकट वाचताना आपण दर ओळीला कुणाला तरी मनातल्या मनात ‘अरे थांब’ म्हणत असतो. माझ्या मावसबहिणीच्या साक्षगंधाची अशी चौकट कुठेच छापून आली नाही, म्हणून मीच लिहायला घेतली आहे. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत अमरावतीहून कामठीला आलेली. आणि तो अपघात मला एकदा नाही, दोनदा थांबवता आला असता.

दिवस 1987 च्या मे महिन्यातला शेवटचा रविवार. नवतपा सुरू होता. ज्यांना नवतपा माहीत नाही त्यांना एवढंच सांगते, की सूर्य रोहिणीत शिरतो ते हे नऊ दिवस, आणि या दिवसांत नागपूरकडे शहाणी माणसं लग्नकार्य सोडून दुसऱ्या कशासाठीही घराबाहेर पडत नाहीत.

आधीचे सात दिवस

मावशी आमच्यासारखीच वऱ्हाडातली. पण लग्नाआधी दोन वर्षं ती पुण्यात हॉस्टेलला होती, आणि त्या दोन वर्षांनी तिच्या पुढच्या सगळ्या आयुष्यावर कब्जा केला होता. मावसाजींचा कोळसा वाहतुकीचा धंदा. दोन ट्रकांचे अकरा झाले तसा त्यांनी छावणीच्या हद्दीला लागून एक जुना बंगला घेतला. उंच छत, लांब व्हरांडा, मागे नोकरांच्या खोल्यांची ओळ. त्या खोल्या रिकाम्या ठेवणं मावशीला कमीपणाचं वाटे.

म्हणून रामू. त्या घरात येणाऱ्या प्रत्येक नोकराचं नाव रामू असायचं, हा चौथा. डोंगरगडच्या पलीकडच्या कुठल्याशा खेड्यातला, अठरा-एकोणीस वर्षांचा. धान कापून झाल्यावर डिसेंबरात गोंदियाकडून येणाऱ्या पॅसेंजरने कामठी स्टेशनावर उतरला होता. हात नांगराचे. मावशीच्या कपांचे कान त्याच्या बोटांत मावत नसत, त्यामुळे जानेवारीअखेर सहाचे चार कप राहिले. पहिल्याच आठवड्यात मावशीने मीठ मागितलं आणि त्याने साखर आणून दिली. छत्तीसगडीत मिठाला नून म्हणतात. ‘मीठ’ ऐकल्यावर ज्याला ‘मीठा’ आठवणार नाही असा माणूस डोंगरगडच्या पलीकडे शोधावा लागेल. पण घरात त्याच्यावर धांदरट म्हणून शिक्का बसला, तो बसलाच.

तरी पाच महिन्यांत पोरगा बाजारातली मराठी बऱ्यापैकी शिकला. सांबार म्हणजे धनिया. फल्ली म्हणजे शेंगदाणे. आणि नेमकं तो शिकला तेव्हाच मावशीचा फतवा निघाला. व्याही पुण्याचे, त्यांच्यासमोर गावठी बोलायचं नाही. आलू नाही, बटाटा. टमाटर नाही, टोमॅटो. सांबार नाही, कोथिंबीर. ‘येऊन राहिली’ नाही, ‘येते आहे’. हा शेवटचा नियम मावसाजींसाठी होता.

शुक्रवारी व्हरांड्यातल्या माठाखालची रेती बदलताना रामू म्हणाला, “मालकिन, रेती कम है.” मावशीने त्याला तिथेच उभं करून तीनदा म्हणायला लावलं: वाळू. वाळू. वाळू.

हा शुक्रवार लक्षात ठेवा.

पहाटे 4.50

सगळे गच्चीवर झोपलेलो. पश्चिमेला कोराडीच्या विद्युत केंद्राची धुराडी, त्यांच्यावरचे तांबडे दिवे अजून दिसत होते. खाली रामूने अंगणात सडा घातला, टाकी भरली, माठ भरला. एक बादली जिन्यात सांडली. ती मोजत नाही.

सकाळी 6.30

दिवाणखान्यातल्या कूलरपाशी मावशी उभी. इथे त्या यंत्राबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण सगळी मेख त्यातच आहे. पत्र्याची मोठी पेटी. समोर पंखा. बाकी तीन बाजूंना जाळ्यांची दारं, दोन जाळ्यांच्या मध्ये लाकडाच्या बारीक सालींचं गवत किंवा खस भरलेली. तळाला पाण्याची टाकी, तीत छोटा पंप. पंप पाणी वर चढवतो, ते तिन्ही दारांवरून झिरपत खाली येतं, आणि पंखा बाहेरची झळ त्या ओल्या गवतातून ओढून आत गार करून सोडतो. पाणी आहे तोवर हे यंत्र म्हणजे स्वर्ग. पाणी थांबलं की तीच पेटी भट्टीसमोर धरलेला भाता होते.

दरवर्षी मावशी म्हणायची, “कूलरात खस भर.” रामूला खस कळत होती. बाजारात तिच्या जुड्याच टांगलेल्या असत.

त्या दिवशी मात्र ती म्हणाली, “जाळ्यांमध्ये वाळा भर. नीट दाबून. आणि वरून पाणी सोड.”

रामू क्षणभर थांबला. मग “जी” म्हणाला.

सकाळी 7.10

मी दात घासत मागच्या अंगणात उभी होते. बांधकामातून उरलेला कन्हानच्या रेतीचा ढीग तिथे पडलेला असायचा. रामूने त्यातून घमेलं भरलं. मग स्वयंपाकघरातून पिठाची चाळणी आणली आणि ती रेती चाळायला बसला. त्या घरात चाळल्याशिवाय काही वापरायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक झालं होतं. खडे बाजूला, खाली मैद्यासारखी बारीक, सोनेरी भुकटी. इतकं मन लावून कुणी रेती चाळताना मी पुन्हा पाहिलं नाही.

मला वाटलं, माठाखाली घालायची असेल. मे महिन्यात नागपूरकडे कुणी रेती घेऊन चाललं असेल तर दुसरं काय वाटणार? मी चूळ भरली आणि आत गेले. ही माझी पहिली संधी.

सकाळी 8.15

“दोन जुड्या अळू आण,” मावशी म्हणाली. पुण्याच्या पाहुण्यांना पुणेरी अळूची पातळ भाजी.

आता रामूची अडचण बघा. आलू म्हणायचं नाही, बटाटा म्हणायचं, असं त्याला आठवडाभर बजावलं होतं. आणि आता खुद्द मालकीणच ‘आलू’ म्हणाली. जुड्यांचं काही त्याला कळलं नाही. पण मालकिणीची जीभ घसरली असं समजून, तिचा मान राखायला, तो काही बोलला नाही. दोन किलो बटाटे घेऊन आला.

आणि अळू? ते मागच्या न्हाणीच्या सांडपाण्यावर माजलं होतं, हत्तीच्या कानाएवढ्या पानांचं. आमच्याकडे त्याला चमकोरा म्हणतात. रामूच्या गावाला कोचई म्हणतात, आणि उडदाच्या वाटणात तिची पानं गुंडाळून, वाफवून कढीत सोडतात, त्याला इढर म्हणतात. म्हणजे त्या घरात अळूबद्दल सगळ्यात जास्त कळणारा माणूस बटाटे आणायला बाजारात गेला होता.

“हे आलू आहेत जी, बाई,” स्वयंपाकाच्या काकू म्हणाल्या.

“बटाटे,” मावशी म्हणाली. मग तिने पिशवीत पाहिलं.

सकाळी 9.00

कूलर सुरू झाला. पाणी दारांवरून उतरलं, जरासं गढूळ, पण नव्या गवताचं पाणी पहिल्या दिवशी तसंच असतं.

“हवा कमीच येऊन राहिली,” मावसाजी म्हणाले.

“येते आहे,” मावशी म्हणाली.

हवा खरंच कमी येत होती. पण वास येत होता. पहिल्या पावसाचा, ओल्या मातीचा. मावशीने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, “वाळा.”

सकाळी 11.20

मावसाजींची अ‍ॅम्बेसेडर आणि मागून एक टॅक्सी नागपूर स्टेशनावरून पाहुण्यांना घेऊन आली. मुलगा, त्याचे आईवडील, काका आणि आजी. झळांनी लाल झालेली तोंडं घेऊन माणसं दिवाणखान्यात शिरली आणि कूलरसमोर एकदम शांत झाली.

“किती सुंदर वास हो,” आजी म्हणाल्या. “कशाचा?”

“वाळ्याचा,” मावशी म्हणाली. तिने ही वाट सात दिवस पाहिली होती.

आजींनी पुन्हा हुंगलं. “तुमच्याकडचा वाळा वेगळाच असतो वाटतं.”

सकाळी 11.45

नाश्त्याला इडली. पुण्याच्या पाहुण्यांना इडली का, असं कुणी विचारेल. कामठीला इडली नवी नाही. छावणी उभी राहिली 1821 मध्ये, सीताबर्डीच्या लढाईनंतर चार वर्षांनी, कन्हानच्या काठी, आणि तिथे पहारा असे मद्रास फौजेच्या पलटणींचा. त्यांच्यामागे तामिळ-तेलुगू कुटुंबं आली, स्वयंपाकी आले, बंगल्यांवरचे बटलर आले. कामठीच्या बंगल्यांत परमुलखातला नोकर आणि त्याला न कळणाऱ्या भाषेत हुकूम सोडणारी बाई ही जोडी मावशीच्या आधीपासून नांदत होती. मडमांसाठी एक जाडजूड पुस्तकच निघालं होतं, 1888 मध्ये, फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोघींचं. हिंदुस्थानी नोकर हे मूलच समजायचं, असा त्यातला उपदेश, आणि फारच मूर्खपणा केला तर एरंडेलाची मात्रा. पण त्याच पुस्तकात मडमेलाही बजावलं होतं, की हुकूम सोडण्यापुरती तरी त्यांची भाषा शीक. मावशीने ते वाचलेलं नव्हतं. एरंडेल मात्र घरात होतं.

तर इडली. काकांनी दोन संपवल्या, वाटी पुढे केली आणि रामूला म्हणाले, “थोडं सांबार आण रे.”

रामूचा चेहरा उजळला. आठवडाभरात प्रथमच कुणीतरी त्याला येणारा शब्द बोललं होतं, आणि तेही पुण्याचं. तो पळत आत गेला आणि बारीक चिरलेल्या हिरव्यागार कोथिंबिरीने ती वाटी शिगोशीग भरून घेऊन आला.

काकांनी वाटीकडे पाहिलं. मग रामूकडे. मग चमचा उचलला आणि सभ्यपणाने थोडी कोथिंबीर खाल्ली. मावशी पांढरी पडली. ताई पदराआड हसत होती आणि मुलगा ताईकडे बघत होता.

दुपारी 12.40

गेटजवळच्या कडुनिंबाची फांदी वाऱ्याने तारेवर आली. लाइट गेली. कूलरचा पंखा फिरत फिरत थांबला, पाण्याचा आवाज थांबला. त्या शांततेत कामठीची दुपार घरात शिरली.

बटण कुणीच बंद केलं नाही.

दुपारी 1 ते 4

जेवणं झाली. बटाट्याची भाजी चांगली झाली होती, असं सगळ्यांनी दोनदा सांगितलं.

मग वामकुक्षी, म्हणजे फरशीवर ओल्या चादरी घेऊन पडणं. बाहेर 45 अंशांच्या वरचं ऊन. मला झोप येईना म्हणून मी व्हरांड्यात गेले, कूलरच्या मागच्या बाजूला. हात लावला. सकाळी गच्च ओलं असलेलं दार खडखडीत कोरडं, तव्यासारखं तापलेलं. बोटांना काहीतरी बारीक चिकटलं. मी चोळून पाहिलं, फुंकर मारली, उडून गेलं. झळांबरोबर धूळ येतेच. मी परत येऊन झोपले. ही दुसरी संधी.

त्या तीन तासांत आत काय चाललं होतं, ते नंतर कळलं. ओली रेती गवताला धरून बसते, भज्याला पीठ धरतं तशी. सकाळच्या साडेतीन तासांत झिरपणाऱ्या पाण्याबरोबर थोडी खाली टाकीत गेली आणि पंपाच्या तोंडाशी साचली. उरलेली दुपारभर वाळत गेली. तिन्ही दारं आता चाळलेल्या, कोरड्या, सुट्या रेतीने भरलेली, आणि तिला जागेवर धरून ठेवणारं पाणी वर चढणार नव्हतं. फक्त वाऱ्याची वाट होती.

इथे थोडं विषयांतर करते. परमुलखातला धांदरट नोकर हा जगभरातल्या विनोदाचा आवडता गडी. बीबीसीची ‘फॉल्टी टॉवर्स’ 1975 ला आली, तिच्यातला बार्सिलोनाचा मॅन्युएल कुणी पाहिला असेल. मालक इंग्रजीत एक सांगतो, हा दुसरंच ऐकतो, आणि हॉटेल कोसळतं. ते काम करणारा अँड्र्यू सॅक्स हा स्वतःच बर्लिनहून नाझींपासून पळालेल्या कुटुंबातला, 1938 मध्ये इंग्लंडात आलेला पोरगा. आणि ती मालिका स्पेनमध्ये दाखवताना मॅन्युएलला इटालियन करून टाकलं. आपल्या गावच्या माणसावर हसणं कुणाला जमतं? मॅन्युएलला पाहून मीही पुष्कळ हसले आहे. फक्त तो मालकाने सांगितलेलंच करत असतो, हे माझ्या लक्षात यायला रामू आठवावा लागला.

सायंकाळी 5.00

ताई पैठणीत. चौरंग, नारळ, ओटी, अंगठ्या. चांदीच्या वाट्यांत आमरस, ताटात संत्राबर्फी. मंडळी अर्धवर्तुळात, कूलरला तोंड करून, कारण लाइट आली तर पहिली हवा आपल्याला लागावी ही सगळ्यांचीच इच्छा. फोटोग्राफरने पाठ कूलरकडे करून जागा धरली. तेवढा एकच माणूस वाचला.

सायंकाळी 5.35

लाइट आली! सगळ्यांच्या तोंडून एकदम “आऽऽ” निघालं. सकाळपासून एक नंबरवर असलेला पंखा हळूहळू फिरू लागला. पंप घुमला, पण पाण्याचा आवाज आला नाही.

सायंकाळी 5.40

“गरम येऊन राहिली,” मावसाजी उठत म्हणाले. या वेळी मावशीने दुरुस्ती केली नाही, ती गुरुजींशी बोलत होती. मावसाजींनी पंप अडकला की सगळं नागपूर जे करतं तेच केलं. कूलरच्या अंगावर तीन सणसणीत बुक्क्या मारल्या. पहिलीला उजवं दार, दुसरीला डावं, तिसरीला मागचं, अशी आतली रेती सुटी झाली असावी.

“रामू, बाल्टी आण बे,” म्हणत त्यांनी बटण फिरवलं. दोन. तीन.

सायंकाळी 5.42

फोटोग्राफर म्हणाला, “रेडी?”

तो फोटो अजून आहे. त्यात सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि तोंडं उघडी. मुलाचा हात ताईच्या बोटाकडे अंगठी घेऊन निघालेला, आणि दोघांच्या मध्ये एक सोनेरी धुकं, फ्लॅशमध्ये चमकणारं, इतकं सुंदर की नंतर कुणीतरी विचारलं होतं, हा इफेक्ट कसा केला.

आवाज पावसासारखा होता. चांदीच्या वाट्यांवर सर येते तसा सळसळ. बारा-पंधरा सेकंदच असेल. कुणीतरी खोकत खोकत भिंतीकडे गेलं आणि बटण बंद केलं. मग पैठणीच्या पदरातून, गुरुजींच्या शेंडीतून, छतावरच्या बंद पंख्याच्या पात्यांवरून रेती ओघळत राहिली. आमरसावर साय धरावी तसा थर.

दारात बादली घेऊन रामू उभा होता.

सायंकाळी 5.45

मावशी बोलली तेव्हा तिच्या दातांखाली करकर वाजलं. “मी तुला काय सांगितलं होतं? काय भरायला सांगितलं होतं?”

रामूने बादली खाली ठेवली. या वेळी एक थेंबही सांडला नाही. त्याने आठवून, शुक्रवारी शिकवला होता तसा, एकेक अक्षर सुटं करून शब्द उच्चारला: “वा-ळू.” आणि मग स्वतःच्या बोलीत, जराशा तक्रारीच्या सुरात, “तुमन तो कहे रहेव, मालकिन.”

कुणी काही बोललं नाही. आजी चष्मा पदराने पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या.

“सकाळी तुम्ही वाळा म्हणालात ना?” त्यांनी मावशीला विचारलं. मग रामूकडे पाहिलं, मग कूलरकडे. “वाळा... वाळू...” आणि त्या हसायला लागल्या. आधी खांदे, मग सगळ्या. त्यांच्या आंबाड्यातून रेती पडत होती आणि त्या हसत होत्या. मग मुलगा, मग ताई, मग मावसाजी, ते तर खुर्चीला धरून. हसता हसता आजी मावशीच्या हातावर हात ठेवून, अगदी आपुलकीने, म्हणाल्या, “अहो, पण साधं खस म्हणायचं. आमच्याकडेसुद्धा आता सगळे खसच म्हणतात.”

मावशीचा चेहरा त्या क्षणी पाहायला फोटोग्राफर हवा होता. तो बाहेर कॅमेरा पुसत होता.

त्यानंतर

अंगठी रात्री साडेआठला अंगणात, खाटांवर बसून घातली. आमरस फेकावा लागला, बटाट्याची भाजी उरली होती ती सगळ्यांनी संपवली. ताई आज पुण्यात असते, आणि तिच्या घरात सांबाराला कोथिंबीर म्हटलं तर तिचा नवराच मुद्दाम चूक काढतो.

रामूला कुणी काढलं नाही. तो स्वतःच गेला, मृग लागायच्या आधी, पेरणीला. पगाराबरोबर मावसाजींनी त्याला शंभर रुपये जास्त दिले आणि मावशीने उरलेले चार कप. ते देताना तिचा हेतू काय होता, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा कामठीला होते. नवा रामू आला होता, याचं गाव आणखी लांबचं. कूलर पुसून ठेवला होता. मावशी त्याच्यासमोर उभी राहिली, इकडेतिकडे पाहिलं, आणि अगदी सावकाश, स्पष्ट, आमच्या मराठीत म्हणाली, “बाजारातून खस आण बाप्पा. कूलरात भराले.”

तो गेला, आणि अर्ध्या तासाने पाव किलो खसखस घेऊन आला.